पिठाचा डबा आणि रब्बींचं पेन

दिमोना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, सणाआधी घरातला हमेत्स, म्हणजे पीठ-पाव असा खमिराचा माल, विकायचा आणि सण झाला की परत घ्यायचा, हे नाटक आहे. मी फॉर्म भरणार नाही." मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसलो.

नाटक नाही रे ते. हैफाची खोली तू भाड्याने घेतलीस, कागदावर सह्या झाल्या. आता घरमालक उद्या आत येऊन झोपतो म्हणाला तर चालेल का? तसंच हेही. तू आपल्या धर्मगुरूंना, रब्बींना, मुखत्यारपत्र देतोस, त्यांनी पुढे केलेलं पेन किंवा रुमाल हातात घेऊन उचलतोस, म्हणजे तुझा शब्द पक्का. रब्बी तो माल यहुदी नसलेल्या माणसाला विकतात. तो इसार देतो, बाकी रक्कम उधार राहते, आणि माल ठेवलेली जागा त्याला भाड्याने जाते. सणाच्या मधल्या दिवशी तो पैसे घेऊन तुझ्या दारात आला, तर पीठ त्याच्या हवाली करावं लागेल. फॉर्मवर पत्ता मागतात तो यासाठीच. इस्राएल सरकारच्या मालकीचा हमेत्ससुद्धा असाच विकतात. यरुशलेमजवळच्या अबू घोष गावचे जाबर हुसेन कितीतरी वर्षं तो विकत घेत आले.

ही सवलत आळशी लोकांसाठी निघालेली नाही. आपला धर्मग्रंथ तोराह सांगतो, सात दिवस तुमच्या घरात खमीर दिसू नये, सापडू नये. घरात चार पाव असले तर जाळून मोकळं होता येतं. पण पोलंडमध्ये आपले यहुदी लोक धान्याची दारू गाळून पोट भरत. त्यांची पिंपं जाळायची तर घरदार रस्त्यावर येतं, आणि ती उचलून गिऱ्हाइकाकडे न्यायची कशी? सतराव्या शतकात रब्बी योएल सिर्किस यांनी मार्ग दिला: माल जागेवरच राहू द्या, पण खोलीसकट विका. नियम न मोडता माणसाची भाकर वाचवली त्यांनी. मला यात फार मोठं मन दिसतं.

तू लहान होतास तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका वर्षी मी उद्या-उद्या करत फॉर्म दिलाच नाही. १४ निसानची, म्हणजे सणाच्या आदल्या दिवसाची, सकाळ उलटून गेली. सण संपल्यावर आईने माळ्यावरून चपातीच्या पिठाची दहा किलोची पिशवी काढली. नवीकोरी, शिवण न उसवलेली. यहुद्याच्या मालकीत पेसाह काढलेला हमेत्स वापरता येत नाही, कुणाला देताही येत नाही. मी ती पिशवी खांद्यावर घेऊन कचराकुंडीपर्यंत गेलो. महिनाअखेर होती. आई एक शब्द बोलली नाही, तेच मला जास्त लागलं.

म्हणून सांगतो, नीट बघ. रवा, शेवया, बिस्किटं तर आहेतच, पण हिंगाची डबीही काढ. बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. तांदूळ राहू दे, आपण तो खातो. कोकणात आपले बेने इस्राएल पूर्वज या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, आंबट पाण्याचं मडकं झाकून ठेवायचे म्हणून. तूही विकलेल्या मालाच्या कपाटावर चादर टाक.

फॉर्म आज-उद्याच भर. १४ निसानला दिवसाच्या बारा भागांतला चौथा सरला की हमेत्स खायचं बंद, आणि विक्री पाचवा सरायच्या आत व्हावी लागते. सण संपेल त्या रात्री अंधार पडल्यावर लगेच कपाट उघडू नकोस, रब्बींना माल परत विकत घ्यायला थोडा वेळ लागतो.

आई म्हणते, दाराला दोरी बांध, नाहीतर चहाबरोबर बिस्किट घ्यायला सवयीने हात जाईल.

तुझे
बाबा