चिऊच्या टाचेबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, चिऊचा जिम्नॅस्टिकचा क्लब बदलला हे परवा फोनवर कळल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "गुरू असा अर्ध्या वर्षातून सोडत नसतात," आणि फोन आईच्या हातात दिलात. मला तेव्हा बोलता आलं नाही, चिऊ शेजारीच अभ्यासाला बसली होती. ती झोपल्यावर लिहिते आहे. सगळं सांगते. वाचून मग काय ते बोला.

श्रावण संपत आला होता. सकाळी ओट्यावरचा भांडी घासायचा स्पंज अर्धाच सापडला. उंदरानं कुरतडला असेल म्हणून नवा काढला. चार दिवसांनी तोही अर्धा, आणि कात्रीनं नीट कापलेला. रविवारी चिऊचे शाळेचे बूट धुवायला घेतले तर दोन्ही बुटांत टाचेखाली एकेक हिरवा-पिवळा तुकडा निघाला, दाबून दाबून पापडासारखा झालेला. विचारलं तर आधी म्हणाली, बूट मोठे होतात. मग रडायला लागली. टाचा दुखतात म्हणाली. कधीपासून? "शाळा सुरू झाल्यापासून." अडीच महिने, बाबा. लेकरू सकाळी पलंगावरून उतरताना चवड्यावर चालायचं आणि मला वाटायचं जिम्नॅस्टिकचाच काही सराव करते आहे.

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दुखतं म्हणणाऱ्या मुलींना सर बाजूला बसवतात. मग स्पर्धेच्या यादीत नाव येत नाही."

हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली तशी ती किंचाळली. मला म्हणाले, घाबरू नका, याला सेव्हर्स डिसीज म्हणतात, पण नावात डिसीज असलं तरी हा रोग नाही. वाढत्या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला कूर्चेचा मऊ थर असतो. पोटरीची जाड शीर नेमकी तिथेच येऊन जोडलेली असते. मूल भराभर उंच होतं, हाड पुढे धावतं, पोटरी मागे राहते आणि ताणली जाते. त्यात अनवाणी पायांनी रोज शेकडो उड्या, मग तो थर सुजतो. हाड पक्कं झालं की हा त्रास आपोआप जातो. तोवर उड्या कमी, पोटरी सैल करायचे व्यायाम, बर्फ, बुटात टाचेला मऊ गादी. म्हणजे चिऊनं स्वतःच्या अकलेनं स्पंज घातला होता तो अगदीच चुकीचा नव्हता. हे डॉक्टर म्हणाले तेव्हा मला खोलीबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

त्या रात्री मला शाळेच्या मागचा आपला दोरीचा मल्लखांब आठवत राहिला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची, तिथली कातडी सोलून निघायची. घरी आलं की तुम्ही मला पायरीवर बसवायचात, बॅटरीच्या उजेडात एकेक बेचकं उघडून बघायचात आणि खोबरेल लावायचात. सोललेलं असलं की दुसऱ्या दिवशी दोरी बंद, नुसते जोर-बैठका. शाळेतली चाळीस पोरं सांभाळून तुम्ही हे करत होतात. मला एकच लेक आहे आणि अडीच महिने मी तिचे पाय बघितले नाहीत. सोडायला जायचं, आणायला जायचं, फी भरायची, एवढंच करत राहिले.

सरांबद्दल तुमच्या मनात वाईट यावं म्हणून हे लिहीत नाही. क्लबचं नाव तुम्हाला माहीत आहे, कागदावर घालत नाही. साडेपाच वर्षांच्या पोरीला त्यांनी कार्टव्हीलपासून बॅक फ्लिकपर्यंत, म्हणजे मागे हातांवर पलटी घेण्यापर्यंत नेलं. पहाटे साडेपाचला ते स्वतः गाद्या टाकायचे. पण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा ते म्हणाले, जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे, तोवर टेप लावू, नंतर पाहिजे तेवढी विश्रांती द्या. मी म्हटलं, सर, ती बीमवरून, त्या तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवरून उतरताना टाच चुकवते, वजन एका कडेला टाकते. तो बीम दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. उद्या वाकडी पडली तर टाचेवर थांबणार नाही. त्यावर त्यांनी "बाकीच्यांच्या आया असं करत नाहीत" एवढं म्हटलं आणि शिट्टी वाजवून पुढच्या मुलीला बोलावलं.

आई, तुला वेगळं सांगायचं आहे. दिवाळीत तू धपाट्यावर तुपाची धार धरलीस आणि चिऊनं ताट मागे ओढलं. तू काही बोलली नाहीस, पण निघताना तुपाची बरणी पिशवीत घालू की नको असं दोनदा विचारलंस. तुला वाटलं शहरातल्या पोरीला आपलं आवडेनासं झालं. तसं नव्हतं गं. क्लबात दर शनिवारी सगळ्या मुलींना ओळीनं वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचत. वाढला असेल तर "घरी काय पंगत होती का" असं विचारत. दहा वर्षांची पोर, वजन वाढणारच, वाढायलाच पाहिजे. मला हेही उशिरा कळलं, तिच्या मैत्रिणीच्या आईकडून.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात जिम्नॅस्टिक जुनं आहे. विद्यापीठाच्या परिसरात साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय संकुल आहे, खासगी क्लबही बरेच झाले. त्यामुळे निवडायला वाव होता. पंधरा दिवस आम्ही दोघं आळीपाळीनं वेगवेगळ्या हॉलमध्ये जाऊन नुसते बसलो. एका ठिकाणी पदकांनी भिंत भरलेली होती, पण पालकांना दार बंद. दुसऱ्या ठिकाणी रिदमिक घ्या म्हणाले, रिबन-चेंडूचं, त्यात बीम आणि बार नाहीत. चिऊनं मान हलवली. तिला बारवर लोंबकळायचंच आहे.

आता जिथे घातलं आहे तिथलं सांगते. हॉल जुना, पत्र्याचा. बीमवरचं कापड दोन ठिकाणी शिवलेलं. मुली नऊ. इथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी चिऊला काय येतं ते विचारलंच नाही. खाली बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, "कुठे दुखतं ते बोटानं दाखव." बाबा, मला त्याच क्षणी तुम्ही दिसलात.

सहा आठवडे उड्या पूर्ण बंद ठेवल्या, पण सुट्टी दिली नाही. भिंतीला हँडस्टँड, बारवर लटकून पोटाचे व्यायाम, स्प्लिट, हात-खांद्यांची ताकद. मग हळूहळू उड्या, त्याही फोमच्या खड्ड्यात. फ्लिक पुन्हा पहिल्यापासून शिकवतात आणि दर वेळी एक हात कमरेखाली असतो. तिकडे वर्षभरापूर्वीच सपोर्ट काढून घेतला होता, धाडस यावं म्हणून. चिऊला आधी फार कमीपणा वाटला. "मी मागे गेले" म्हणून दोन रात्री रडली, जुन्या मैत्रिणींसाठी तर अजूनही रडते. क्लबचा निळा लिओटार्ड तिनं घडी घालून तुमच्या गोधडीखाली ठेवला आहे. मी त्याला हात लावत नाही.

आणि गुरूचा मान ठेवला नाही असं मनात आणू नका. आम्ही तिघं नारळ आणि पेढे घेऊन सरांकडे गेलो. चिऊ वाकून पाया पडली. सर रजिस्टरमध्ये लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. तरी ती म्हणाली, "सर, येते." येते म्हणाली, जाते नाही.

तुम्ही जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं उदाहरण दिलंत, तिच्या नंदी सरांचा हात धरून ती अगरतळ्याहून रिओ ऑलिम्पिकला गेली म्हणून. तो 14 ऑगस्ट 2016 मलाही आठवतो. रात्र बरीच झाली होती, चिऊ माझ्या मांडीवर झोपलेली आणि तुम्ही टीव्हीपुढे उभे. व्हॉल्टवरची ती हवेत दोन कोलांट्यांची अवघड उडी, प्रोदुनोवा झाली, 15.066 गुण, चौथा नंबर, आणि कांस्य फक्त 0.150 नं गेलं. तुम्ही टॉवेलनं डोळे पुसलेत. पण बाबा, दीपा तेव्हा 23 वर्षांची होती. सपाट तळव्यांच्या त्या मुलीवर सरांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली म्हणून ते पाय 23 व्या वर्षी प्रोदुनोवा झेलू शकले. ऑलिम्पिकला मुलीला त्या वर्षी सोळा पूर्ण व्हावी लागतात. चिऊ दहाची आहे. ती तिथवर जाईल असं मी म्हणत नाही, राज्य स्पर्धेला जाईल की नाही तेही मला ठाऊक नाही. पण घाई करावी असं काय आहे, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

यंदाची जिल्हा स्पर्धा गेली. वर्षाची फी आधीच भरली होती, तीही गेली. दहावीच्या क्रीडा गुणांचं, पुढे नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणाचं तुम्ही म्हणालात. ते खरं आहे, पण त्याला अजून वेळ आहे. हॉल लांब पडतो, जायला-यायला दीड तास मोडतो. ह्यांनी सकाळची पाळी मागून घेतली आहे, म्हणजे संध्याकाळी आणायला ते जातील.

मागच्या गुरुवारी मी हॉलमध्ये बाकावर बसले होते. चिऊ बीमवर चढली, एक पाऊल टाकलं आणि थांबली. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, आज डावी टाच दुखतेय." मॅडम म्हणाल्या, "उतर, बार घे." ती उतरली, हाताला चॉक पावडर चोळली आणि बारकडे गेली. बाकी कुणी वर बघितलंही नाही. मी मात्र पदर तोंडाला लावून बसले होते.

बाबा, शनिवारी इथे पालकांना दिवसभर बसता येतं. तुम्ही दोघं शुक्रवारच्या गाडीनं या. तुमची नजर मला हवी आहे, त्या हाताची पकड आणि लँडिंग मला कळत नाही, तुम्हाला कळेल. चिऊला पदकाचं विचारू नका एवढंच. तिचे पाय बघा. रात्री झोपताना आता मी रोज बघते, खोबरेलही लावते, पण तिला ते आजोबांच्या हातून हवं आहे. तुमची बॅटरीची गोष्ट मी तिला सांगून ठेवली आहे.

आई, येताना तुपाची बरणी आण. मोठी.

तुमची लेक