राउटर नेलात, त्याची पोच द्या! केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी साताऱ्याहून लिहिते आहे. आपल्या घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड इथून जवळच, कोरेगाव तालुक्यात. म्हणून पत्र मराठीतच लिहिते. दुसरी ओळख अशी की माझी सगळी नोकरी टपाल खात्यात, म्हणजे आपल्याच मंत्रालयात झाली. ३१ वर्षे काउंटरवर बसले. रजिस्टर पत्र घेतले की पावती फाडून हातात द्यायची. एडी म्हणजे पोचपावती लावलेली असेल तर घेणाऱ्याची सही पाठवणाऱ्याकडे परत पोचवायची. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की कागद झालाच पाहिजे, हे हाडीमाशी मुरलेले. तरीही माझ्याच घरातून एक वस्तू गेली तेव्हा मी कागद मागितला नाही, आणि त्यापायी गेले सात महिने मी एका ब्रॉडबँड कंपनीची थकबाकीदार आहे.

निवृत्तीनंतर पुण्यातली सिंहगड रोडची भाड्याची जागा सोडून घरी यायचे ठरले. ब्रॉडबँड १४ महिने होते, एकही बिल थकलेले नव्हते. २० तारखेला बंद करायला फोन केला. आधी म्हणाले, साताऱ्याला शिफ्ट करून देतो. मग म्हणाले, तीन महिने निम्म्या दरात चालवा. मग म्हणाले, रिटेन्शन टीमचा, म्हणजे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला थांबवणाऱ्यांचा, फोन येईल. तो चार दिवसांनी आला आणि तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. जोडणी घेताना एका फोनवर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस शिडी घेऊन दारात उभा होता!

२८ तारखेला एक मुलगा राउटर न्यायला आला. घरात सामानाची खोकी बांधून ठेवलेली. त्याने अॅडॉप्टर काढला, फायबरची पिवळी वायर हाताला गुंडाळली, राउटर पाठीवरच्या काळ्या सॅकमध्ये टाकला. भिंतीवर स्क्रूची दोन भोके आणि रंग न उडालेला एक चौकोन तेवढा राहिला. मी पावतीबद्दल विचारले. "मावशी, मेसेज येईल," म्हणाला. मी त्याला पाणी दिले आणि तो गेला. मेसेज आला नाही.

दोन महिन्यांनी बिल आले. महिना ७९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे दोन महिन्यांचे १,८८५ रुपये ६४ पैसे. राउटर परत न केल्याबद्दल २,५००, त्यावर जीएसटी ४५०. एकूण ४,८३५ रुपये ६४ पैसे. ग्राहक सेवेतल्या मुलीने सांगितले की सिस्टिममध्ये माझी बंद करण्याची विनंती रद्द झालेली दिसते, कारण मी "थांबायला तयार झाले", आणि राउटर अजून माझ्याच नावावर आहे. मी थांबायला तयार झाले हे मला त्या दिवशी कळले.

पुण्यात शेजारच्या काकूंनी धावपळ केली. सोसायटीच्या गेटवर वॉचमनचे रजिस्टर असते. त्यात त्या दिवसाच्या पानावर निळ्या बॉलपेनने नोंद आहे: आत ११.४०, बाहेर १२.०५, कामाचे कारण "राउटर काढणे", कंपनीचे नाव, मुलाचा मोबाइल नंबर, सही. काकूंनी पानाचा फोटो काढून पाठवला आणि मी तो कंपनीला पाठवला. उत्तर आले, हा ग्राह्य पुरावा नाही. माझ्या जन्माची नोकरी अशाच नोंदींवर चालली, साहेब. वॉचमनने जे केले ते कंपनीने करायला हवे होते.

मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. सकाळी देवपूजेच्या वेळी, दुपारी जेवताना. एकाने सांगितले, सिबिल खराब होईल, मुलाला गृहकर्ज मिळणार नाही. मी रोज संध्याकाळी पैशापैशाचा हिशेब जुळवून उठत आले. त्या वयाच्या, त्या सवयीच्या बाईला "थकबाकीदार" म्हणून हाक मारली की काय वाटते, हे कुणाला समजावून सांगावे?

मी गप्प बसले नाही. २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे आधी तक्रार केली, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक घेतला, मग ३० दिवसांच्या आत अपील केले. अपील ३९ दिवसांत निकाली काढायचे असते. माझे ३७ व्या दिवशी निघाले, दोन ओळींत: नोंदींनुसार आकारणी योग्य आहे. त्याच सिस्टिमची नोंद बघून त्याच कंपनीने दिलेला निकाल. कारण हे अपील प्राधिकरण कंपनीतच बसते. ट्राय या दूरसंचार नियामकाकडे गेले तर ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. दिल्लीचे दूरसंचार न्यायाधिकरण एकट्यादुकट्या ग्राहकाच्या तक्रारीसाठी नाही.

उरतो ग्राहक आयोग. तेही दार किती वर्षे अर्धवट बंद होते हे आपल्याला ठाऊक आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या तार कायद्यातल्या कलम ७ब चा आधार घेतला आणि टेलिफोनच्या बिलाचा वाद ग्राहक मंचात चालणार नाही असे म्हटले. ते दार पुन्हा निर्विवाद उघडले १६ फेब्रुवारी २०२२ ला, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाच्या निकालाने. त्या प्रकरणातल्या अहमदाबादच्या ग्राहकाचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येत असे, ते एकदम २४,६०९ आले होते. बिल २०१३ चे. वाद कोणत्या दारात चालवायचा एवढे ठरायला २०२२ उजाडले.

सोडून जाणाऱ्याची अडवणूक मोबाइलमध्येही आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ती चांगली सोय आहे. पण पोस्टपेड ग्राहकाची निघालेल्या बिलाची बाकी असेल तर १९०० वर मेसेज करूनही पोर्टिंगचा कोड मिळत नाही. बिल खरे असेल तर हे योग्यच. बिलच चुकीचे असेल तर? माझ्या बारामतीच्या भाच्याला न घेतलेल्या रोमिंग पॅकचे २,९९८ रुपये लावले. त्या महिन्यात तो बारामती सोडून कुठे गेला नव्हता. त्याचे बँकेचे, धंद्याचे सगळे त्या नंबरवर. कोड हवा म्हणून त्याने मुकाट्याने पैसे भरले, आणि पैसे भरले म्हणून त्याची तक्रार "निकाली" झाली. नाक दाबले की तोंड उघडते, तसे हे चालले आहे.

कायदा आपल्या हातात आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे कलम ३० हे २६ जून २०२४ पासून लागू आहे. ग्राहक आणि कंपनी यांच्यातले वाद ऑनलाइन सोडवण्याची यंत्रणा केंद्र सरकार उभी करू शकते, असे ते सांगते. माझ्या सात महिन्यांच्या पायपिटीत मला कुणीही तिकडे पाठवले नाही. ही यंत्रणा कंपनीबाहेरची हवी, मराठीतून तक्रार घेणारी हवी, आणि तिचा पत्ता प्रत्येक बिलावर छापलेला हवा. सेवा सोडणे मुद्दाम अवघड करणे ही फसवी क्लृप्ती आहे, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत "सबस्क्रिप्शन ट्रॅप" या नावाने नोंदवलेच आहे. मग दूरसंचार खात्याने आपल्या नियमांत तेच का लिहू नये? ज्या दिवशी ग्राहकाने बंद करा म्हटले, त्या दिवसाची तारीख धरा. त्यानंतरचे भाडे नाही. ग्राहक थांबला असे कंपनीचे म्हणणे असेल तर त्याच्या संमतीचा मेसेज तिने दाखवावा.

पण माझी मुख्य मागणी त्याहून लहान आहे. राउटर बसवताना त्यांनी माझ्या मोबाइलवर ओटीपी पाठवला, माझा फोटो काढला, सही घेतली. नेताना तोच ओटीपी उलट्या बाजूने वापरा. मुलगा दारात उभा असतानाच ग्राहकाच्या मोबाइलवर पोच आली पाहिजे: अमुक क्रमांकाचा राउटर, अमुक तारखेला, अमुक वाजता ताब्यात घेतला. अशी पोच कंपनीकडे नसेल तर राउटरचे पैसे लावण्याचा हक्क तिला असू नये. आणि तक्रारीचा शेवटचा निकाल लागेपर्यंत वादातल्या रकमेसाठी वसुलीचा फोन नको, सिबिलला कळवणे नको, पोर्टिंगचा कोड अडवणे नको. वाद नसलेली रक्कम ग्राहकाने भरावी. मी ती तेव्हाही भरलेली होती.

दूरसंचारच्या जुन्या दर्जाविषयक नियमांत कंपनीने ग्राहकाची अनामत ६० दिवसांत परत केली नाही तर १० टक्के व्याज द्यावे, असे होते. ग्राहकाचे पैसे अडकवण्याला किंमत असते हे ट्रायने तेव्हा मान्य केले होते. चुकीचे बिल लावून माणसाला सात महिने झुलवण्यालाही तशीच किंमत लावा.

५ लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि ग्राहक राहतो तिथे दावा करता येतो, म्हणून मी साताऱ्यातच तक्रार दाखल करते आहे. कागद तयार आहेत: बिल, दोन डॉकेट नंबर, अपिलाचा निकाल आणि वॉचमनच्या रजिस्टरचे पान. त्यांच्या प्रती या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवत आहे. पावती मी जपून ठेवली आहे.

आपली नम्र,
टपाल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी, सातारा