गावातही कमरेचा घेर वाढून राहिला, गोठ्यातल्या सायकली बाहेर काढा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वजन कमी करण्यावर नेहमी काही ना काही छापून येते, पण त्यात जिम असते, ट्रेडमिल असते, ओट्स असतात आणि फोटो शहरातल्या बागेतले. आमच्या इकडच्या बाया ते पाहतात आणि हे काही आपल्यासाठी नाही म्हणून पान उलटवतात. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य सेविका, म्हणून काम करते, आणि माझं म्हणणं आहे की हा विषय आता जितका अमरावती-नागपूरचा आहे तितकाच आमच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातल्या, गावांचा आहे. पत्र थोडं लांबलं तरी पूर्ण छापा ही विनंती.

तीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आम्ही घरोघरी जाऊन भरतो. वय, तंबाखू, दारू, आठवड्यात 150 मिनिटं व्यायाम होते का, घरात आईवडील-भावाबहिणीत कोणाला शुगर-बीपी आहे का, आणि कमरेचा घेर, हे सगळं त्यात असते. बाईचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर आणि माणसाचा 90 च्या वर गेला की मार्क वाढतात, आणि एकूण मार्क चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं. टेप लावली की बाया श्वास आत ओढून धरतात, मी तशीच थांबून राहते, श्वास सोडला की मगच आकडा लिहिते. हातपाय बारीक, काट्यावर वजनही फार दिसत नाही, पण पोट सुटलेलं, असं आता घरोघरी आहे. आणि धोका पोटावरच्या चरबीचाच जास्त असते. 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जो मोठा अभ्यास आला त्यात देशात 10 कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचं निघालं, आणि त्याहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ते सगळे काही फ्लॅटमध्ये राहणारे नाहीत.

हे सांगितलं की गावात एकच उत्तर मिळते, "शेतकऱ्याले कायचा व्यायाम लागते बावा?" पूर्वी हे खरं होतं. आता बैलजोडी किती घरी राहिली सांगा. नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरनं, निंदणाच्या जागी तणनाशक, सोयाबीन-हरभरा हार्वेस्टरनं, फवारणीचा पंप बॅटरीचा, आणि वावर अर्ध्या किलोमीटरवर असलं तरी जायचं मोटरसायकलनं. काम अंगातून निघून गेलं आणि ताट मात्र तेच राहिलं, उलट बिघडलं, ज्वारी कमी झाली, तिच्या जागी गव्हाच्या पोळ्या आणि रेशनचा भात आला, भाजीवर तर्री आली आणि स्टँडवर समोसा-कचोरीच्या गाड्या लागल्या. ज्या बाया आजही रोजानं कापूस वेचायला, निंदायला जातात त्यांना मी हे सांगत नाही, त्यांना तर उलट पोटभर आणि चांगलं खायला मिळालं पाहिजे. मी बोलतेय ते ज्यांची मेहनत सुटली त्यांच्याबद्दल, आणि असे आता गावात पुष्कळ झाले.

यावर आमच्यासारख्यांना परवडणारा उपाय सायकल आहे, असं माझं ठाम मत आहे. वजन जास्त असलं की चालताना गुडघ्यावर भार येते, सायकलवर बसलं की शरीराचा बराचसा भार सीट घेते म्हणून गुडघे दुखणाऱ्या बायांनाही ती जमते. आणि विकत घ्यायची गरजही बहुतेक घरी नाही. सरकारच्या मानव विकास योजनेतून मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या, मुलगी बारावी झाली, लग्न होऊन गेली, आणि सायकल गोठ्यात कुटाराच्या ढिगामागे पडून आहे. टायर-ट्यूब बदलले, ब्रेकचे रबर टाकले, चेनला तेल दिलं की ती परत चालते. पण ज्या मुलीनं पाच वर्षं रोज सायकल चालवली तिला लग्नानंतर कोणी सायकलवर पाहिलं का? सासरी सून सायकलवर दिसली की लोक काय म्हणतील, हे ओझं कोणत्याही टेपवर दिसत नाही.

माणसांचं वेगळं आहे, त्यांना लाज वाटते. ज्याच्या घरी मोटरसायकल आहे तो सायकलवर दिसला की लोक गाडी थांबवून विचारतात, "काहून, पेट्रोल सपलं का? बसा मागं, सोडून देतो." मनात वाईट काही नसते पण ते ऐकून माणूस दुसऱ्या दिवशी सायकल काढत नाही. आपल्या विदर्भातलेच नागपूरचे डॉ. अमित समर्थ, त्यांनी 2017 मध्ये अमेरिकेतली रेस अॅक्रॉस अमेरिका ही जवळपास पाच हजार किलोमीटरची सायकल रेस एकट्यानं पूर्ण केली. आपल्याच जिल्ह्यात अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. व्यायामाची एवढी जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्यात सायकल चालवायची लाज वाटावी याचं मला मनापासून वाईट वाटते.

आम्ही चार-पाच बाया सायकलवर सोबत निघतो म्हणून बोलणारे हळूहळू गप्प झाले. एकटीला ते जमलं नसतं. साडेपाचला उजाडायच्या बेतात निघायचं, सात-साडेसातच्या आत घरी, कारण नंतर चूल आहे, पोरांचे डबे आहेत, आणि उन्हाळ्यात तर सातनंतर निघणं म्हणजे जिवाशी खेळ, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते हे सांगायला नको. सुटीच्या दिवशी लासूरच्या आनंदेश्वरापर्यंत जातो, त्या हेमाडपंती मंदिराच्या दगडावर जरा वेळ बसतो, बोलतो, परत येतो. आणि हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा असते, त्याच्या पानावर पहाटेची आंब असते, सायकल थांबवून ओल्या पानांवरून बोट फिरवून जिभेला लावलं तर आंबट लागते, आमच्यातली एक तर पातळ फडकं सोबत आणते आणि पिकावर फिरवून आंब गोळा करून नेते, पोट दुखलं तर घरी कामी पडते म्हणून. हे मुद्दाम सांगते कारण व्यायाम म्हणून सांगितलं तर बाया आठ दिवसात कंटाळतात, फिरायला चला म्हटलं तर निघतात.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करा, सीटची उंची बघा. आमच्या इकडे पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून बाया सीट अगदी खाली ठेवतात, मग पॅडल मारताना गुडघा सारखा दुमडलेला राहते आणि काही दिवसातच दुखायला लागते, मग म्हणतात सायकल मानवत नाही. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक राहते आणि तो बरोबर आहे. नट ढिला करायला पाना लागते, तेवढाच काय तो खर्च.

आता खाण्याचं, कारण नुसती सायकल चालवून वजन उतरत नाही हे स्पष्ट बोललं पाहिजे. आमच्या वेगानं तासभर चालवली तर अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. येताना स्टँडवर एक मोठा समोसा आणि साखरेचा चहा घेतला की तेवढ्याच परत आल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, म्हणजे रोज तासभर चालवून आणि वरचं काही न खाता महिन्याला किलोभर उतरते. हे कमी वाटते पण खरं वजन असंच उतरते.

सगळ्यात आधी तेलाचा पिपा बघा. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला 20-25 ग्रॅम तेल पुरे, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. पाच माणसांच्या घरात या हिशेबानं 15 किलोचा पिपा चार महिने जायला पाहिजे, जाते दीड-दोन महिने. तर्रीदार भाजी सणावाराला, पाहुणा आला तर, रोज कशाला? वरण घट्ट करा, पातळ पाण्यासारखं नको, तूर आपल्याच वावरातली आहे. ज्वारीची भाकर निदान एका जेवणात परत आणा, सोबत अंबाडी, तांदुळजा, चिवळ जे निघेल ते, आणि भात घ्यायचा तर पोळी कमी करा. मग चहा. मी रोज घरोघरी जाते, प्रत्येक घरी चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, सहा घरं झाली की 60 ग्रॅम साखर पोटात, आणि आयसीएमआरच्या 2024 च्या मार्गदर्शनात दिवसाची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवा असं आहे. मी बिनसाखरेचा मागते, लोकांना सुरुवातीला आपण चहा नाकारला असं वाटायचं, आता पातेल्यातून माझा कप आधी काढून ठेवतात.

बायांच्या वजनाचं अजून एक कारण कोणी लिहीत नाही. बाई सगळ्यात शेवटी जेवते, आणि उरलेली पोळी, पोरानं ताटात टाकलेला भात वाया जाऊ नये म्हणून भूक नसताना खाते. अन्न टाकू नका हे बरोबरच आहे, पण मग स्वयंपाक मोजून करा आणि सगळे सोबत जेवा, ते पोट काही उरलं-सुरलं टाकायची जागा नाही. आणि उपवास केला की वजन उतरते असं समजून बाया आठवड्यातून दोन-दोन उपवास धरतात आणि दिवसभर साबुदाण्याची उसळ खातात, साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, वरून तेल आणि शेंगदाण्याचा कूट. देवासाठी उपवास करा, वजनासाठी करू नका.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी आधी आरोग्य केंद्रात विचारून मगच सुरू करा आणि खिशात दोन गोड गोळ्या ठेवा, हातपाय थरथरले, घाम सुटला की लगेच खा. छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, तर उतरा आणि दवाखान्यात जा, अॅसिडिटी आहे म्हणून घरी पडून राहू नका.

आता दोन मागण्या. पहिली रस्त्याची. गावाला जोडणारा सिमेंटचा रस्ता झाला, चांगली गोष्ट आहे, पण साइडपट्टी भरलीच नाही. सिमेंटची कड आणि खालची काळी माती यात वीतभर फरक आहे. मागून ट्रक आला की सायकलवाल्याला खाली उतरता येत नाही, उतरला तर पडते, आणि पावसाळ्यात ती माती मडगार्डमध्ये अशी चिकटून बसते की चाक फिरत नाही, काडी घेऊन कोरत बसावं लागते. शाळेच्या मुली रोज त्याच कडेवरून जातात. संबंधित विभागाला आम्ही बायांनी सह्या करून अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर नाही. मुरूम टाकून रोलर फिरवायचं काम आहे, त्याला काही वेगळी योजना लागत नाही.

दुसरी मागणी तुमच्याकडे आहे साहेब. पंधरा दिवसात दहा किलो वजन कमी, अशा जाहिराती पेपरात येतात. आमच्या गावात अशाच पावडरीचे डबे घेण्यासाठी बायांनी बचत गटातून कर्ज काढलं, वजन थोडं उतरलं, डबा संपला की परत आलं, हप्ते अजून चालू आहेत. पेपरात छापून आलं म्हणजे खरं असं गावात मानतात, तुमच्या शब्दाला तेवढी किंमत आहे म्हणूनच बोलते. या जाहिराती घेऊ नका. आणि त्या जागी कधी एखाद्या गावातल्या सायकल चालवणाऱ्या बाईचा, माणसाचा फोटो छापा, साध्या सायकलचा, चप्पल घातलेल्या पायांचा. साइडपट्टीची बातमी मात्र पावसाळा संपायच्या आत लावा, म्हणजे हरभऱ्याच्या पेरणीपर्यंत मुरूम पडेल आणि हिवाळ्यात नवीन बायांना सोबत काढता येईल.

आपली नियमित वाचक,
एक आशा ताई
ता. दर्यापूर, जि. अमरावती