वयावर ढकलू नकोस

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, बाबांचं वय झालंय, चालायचंच." पंचाहत्तरीला माणूस विसरणारच, हे मलाही कळतं. डोक्यावर चष्मा ठेवून मीच तो घरभर शोधते. पण हे वेगळं आहे. ज्यांची हयात बँकेत कॅशवर गेली, ते दुधाच्या हिशेबाला बसले की एकेका आकड्यावर बोट ठेवून पुन:पुन्हा बेरीज करतात आणि शेवटी वही माझ्याकडे सरकवतात, "तूच बघ." गेल्या महिन्यात कामवाल्या मावशींवर घड्याळ चोरल्याचा आळ घेतला. घड्याळ निघालं पोह्यांच्या डब्यात. त्यावर ते ओशाळले नाहीत, आणि मला घोर लागला तो त्याचा. चुकलं तर मुलाचीही माफी मागणारा माणूस हा.

न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन आलो. मला वाटलं होतं, ते लगेच अल्झायमर म्हणतील. त्यांनी आधी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ नीट शोषलं जात नाही, त्यात आपण शाकाहारी. ते कमी पडलं तर विसरणं, चिडणं, संशय घेणं, पायांना मुंग्या, यातलं काहीही होऊ शकतं. रिपोर्टमध्ये बी-१२ कमीच निघालं, इंजेक्शनं सुरू झाली आहेत. थायरॉईड ठीक आहे. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असल्यामुळे सोडियमही तपासलं, तेही बरं आहे. डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या त्या झोपेच्या गोळीवर. केमिस्टकडून जुन्याच चिठ्ठीवर ती आणणं चालू होतं. आता हळूहळू कमी करायची आहे, एकदम बंद नाही.

दिवाळीत ते मोरीत घसरले होते, आठवतं? टेंगूळ आलं, आपण बर्फ लावला आणि विषय संपवला. या वयात तेवढ्या मारानंही कवटीखाली थोडं थोडं रक्त साचू शकतं, आणि वागण्यातला फरक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतो. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणून डॉक्टरांनी ते फार बारकाईनं विचारलं. मंगळवारी एमआरआय आहे. मेंदूतलं पाणी वाढण्याचाही एक आजार असतो. त्यात चाल पाय जमिनीला चिकटल्यासारखी होते, लघवी आवरत नाही, विसर पडतो. त्यावर शस्त्रक्रिया करता येते. बाबांची चाल मात्र अजून तुझ्यापेक्षा खणखणीत आहे.

या सगळ्यातून उत्तर मिळालं नाही, तर मग डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा विचार. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत सातेक जणांना तो असावा असा अंदाज आहे. म्हणजे आपल्या सोसायटीतही असणार, बोलत कुणी नाही. अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार, त्यात सहसा ताज्या गोष्टी आधी पुसल्या जातात. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक प्रकार आहे, त्यात आठवण शाबूत राहते आणि स्वभावच पालटतो, पण तो बहुधा पासष्टीच्या आत सुरू होतो. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात नसलेली माणसं दिसतात, आणि त्या रुग्णांना मनाच्या आजारावरची काही औषधं फार बाधतात. तेव्हा तुझ्या डॉक्टर मित्राला विचारून चिडचिडीवरची गोळी सुचवू नकोस.

कानही तपासायचे आहेत. अर्धवट ऐकू आलं की आपण त्यांच्याविषयीच कुजबुजतोय असं त्यांना वाटतं. ते उदास असतील, हेही डॉक्टरांनी धरलंय. मला पटलं. भजनी मंडळ सुटलं तेव्हा "घसा बसतो" म्हणाले होते, पण घसा चांगला आहे.

तुझ्याकडून एवढंच हवंय. मागच्या वर्षी तू आलास तेव्हा पहिल्यांदा काय खटकलं ते आठवून लिही. विसरणं आधी की चिडणं, हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं. फोनवर "ओळखा बघू मी कोण" असली परीक्षा घेऊ नकोस, मग दिवसभर घुम्यासारखे बसतात. आणि व्हिडीओ कॉल रविवारी सकाळीच कर. संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढतो.

तुझी,
आई