‘मी समजू शकते’ म्हटलं की झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सहवेदना शिकवण्यावरचा कालचा लेख वाचला. म्हटलं झोपून उठलं की राग जाईल, तो गेला नाही म्हणून लिहितेय. लेखिकेचा हेतू चांगलाय. रोल-प्ले, व्हिडिओ, म्हातारपण कसं असतं ते कळावं म्हणून जड सूट आणि धूसर चष्मा घालून चालायला लावणं, सगळं छान. फक्त एवढ्या मोठ्या लेखात वॉर्ड कुठे दिसला नाही.

माझी आई खुब्याचं हाड मोडून तीन आठवडे ॲडमिट होती. ऑपरेशननंतर स्टुडंट मुलींची बॅच आली, त्यातल्या एकीने फाइल छातीशी धरून विचारलं, आजी कसं वाटतंय? आई म्हणाली, दुखतंय. ‘मी समजू शकते.’ भीती वाटते गं. ‘मी समजू शकते.’ हे शिकवलेलंच असणार, कारण दुपारी दुसरी मुलगी आली तिनेही त्याच चालीत म्हटलं. आणि एवढं समजून घेऊनही पाण्याचा ग्लास होता तिथेच, म्हणजे आईचा हात पोचणार नाही अशा टेबलावर, आणि बेलची वायर पलंगाखाली.

मुलींना दोष देत नाहीये, हे कापू नका प्लीज. कारण त्यातलीच एक अबोल मुलगी होती, ती ‘समजू शकते’ वगैरे एकदाही म्हणाली नाही. पल्स बघायच्या आधी हात चोळून गरम करायची. कुशीवर वळवायच्या आधी सांगायची की आजी, आता मी तुम्हाला वळवणारे, तीन म्हटलं की. बेडपॅन द्यायच्या आधी पडदा ओढायची आणि फट राहिली का ते परत वळून बघायची. एक दिवस उशीवर घासून घासून आईच्या केसांच्या जटा झालेल्या बघून ही स्टूल घेऊन बसली आणि विंचरायलाच लागली. ऑपरेशनपासून धड न बोललेली माझी आई त्या दहा मिनिटांत तिला सांगून मोकळी झाली, की रात्री बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून संध्याकाळनंतर मी पाणीच पीत नाही. मी रोज शेजारी बसलेली असायचे, मला हे माहीत नव्हतं!

तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या. ‘पार्लर उघडलंय का इथे? अकरा नंबरचं इनटेक-आउटपुट कोण लिहिणार?’ अख्ख्या वॉर्डसमोर. अकरा नंबर म्हणजे माझी आई, आणि तिचं इनटेक, म्हणजे पोटात जाणारं पाणी, कमी का ते त्या मुलीला एका मिनिटापूर्वी कळलं होतं. पण ती फणी तशीच हातात धरून ‘सॉरी सिस्टर’ म्हणाली आणि उठली. त्यानंतर ती परत कधी स्टूल घेऊन बसली नाही. सिस्टरांचं तरी काय म्हणा, भरलेला वॉर्ड आणि ड्युटीवर दोन स्टाफ, पण मग मुलगी सहवेदना कुणाकडे बघून शिकणार, व्हिडिओकडे?

लेखातल्या मोजमापाबद्दल तर बोलूच नये. सहवेदना मोजायची ती जेफरसन स्केल म्हणजे २० वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ मार्क, एकूण १४०, आणि मार्क विद्यार्थ्याने आपले आपणच द्यायचे. वा! फाइलवालीला नक्की १३५ पडले असते. फणीवालीचं सांगता येत नाही, तिला बहुतेक स्वतःबद्दल शंकाच वाटली असती.

नाइटिंगेलबाई लेखात आहेतच, दिव्यासकट. दिवा बाजूला ठेवून बाईंनी १८६० च्या आसपास लिहिलेलं वाचा, भलत्याच व्यवहारी होत्या. पेशंटला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसून बोला, त्याच्या खोलीत कुजबुजू नका, उगाच ‘बरे व्हाल हो’ करून खोटा धीर देऊ नका. खुर्ची कुठे ठेवायची इथून सुरुवात आहे, भावना-बिवना नंतर. तेव्हा कोर्स घ्यायचाच असेल तर आधी इन्चार्ज आणि ट्यूटर लोकांचा घ्या, आणि वॉर्डात माणसं वाढवा, म्हणजे केस विंचरणं टाइमपास ठरणार नाही.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो कुणी निवडला? त्यात बीपीचा पट्टा स्वेटरच्या बाहीवरून बांधलाय, असं मोजत नाहीत हे मलासुद्धा माहितीये, आणि नर्स पेशंटकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. सहवेदनेवरच्या लेखाला! आणि माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलंत, हे मी विसरलेले नाही.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये, आईला अजून फॉलो-अपला त्याच हॉस्पिटलात न्यायचंय)