मानशीवरचा रविवार

फोंडा, गोवा

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई आपल्या मनाने सांगते, म्हणून पत्रच लिहिते. रविवारी वाळपईला आले नाही, त्याचा राग पोचला. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची चौदा मुलं घेऊन खाजन, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेली शेतं, बघायला गेले होते.

‘मास्तरणीचं चिखलात काय काम?’ असं बाबा म्हणाले म्हणे. सांगते. खाजनाच्या बांधाला मानस असते, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची वाट, लाकडी दारांची. भरतीचं पाणी नदीकडून रेटा देतं, दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं. ना वीज, ना मोटर. खारं पाणी बाहेर राहतं नि आत कोरगूट भात पिकतं. दारावरचा पाण्याचा दाब पोरांनी वहीत कितीदा काढलाय, पण असं दार एकानेही पाहिलेलं नव्हतं.

मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघून सगळी वेळेवर हजर. दार हलेना. मानस सांभाळणारे आजोबा बांधावर बसून गालात हसत होते. बंदर समुद्राला लागून, आणि आम्ही नदीतून कितीतरी आत. इथलं पाणी उशिरा उतरणार, हे कुणाच्या डोक्यातच नाही. माझ्याही नाही, खरं सांगायचं तर. पाऊण तासाने फळी करकरली. फटीतून आधी फेस, मग पाण्याचा लोट, आणि तोंडाशी बांधलेल्या जाळ्यात सुंगटं, कोळंबी हो, उडायला लागली. सगळ्यांचे मोबाइल खिशात गेले. एकीने विचारलं, “आजोबा, बिजागरी वरच का?” मी वर्षभर वाट बघत होते अशा प्रश्नाची.

एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या दिल्लीतल्या परिषदेने, पदवीच्या चार वर्षांत समाजातल्या कामाचे 100 गुण ठेवलेत. काहीजण नुसते फोटो काढून ते मिळवतात. असो.

बाबा, आपल्या कुळागरात, माडा-पोफळीच्या बागेत, पहाटे पाटाचं पाणी फिरवायला मला उठवायचात, आठवतं? कुठल्या माडाला किती वेळ, कुठे चिखलाचा गोळा लावून अडवायचं. मी रडायचे. आता तेच या पोरांना दाखवायचंय. दिवाळीनंतरच्या रविवारी घेऊन येते. कुदळ तुम्हीच हातात द्या, सुरुवातीला थोडं ओरडलात तरी चालेल. आई, फक्त चहा ठेव, सोळा जणांचा. पातोळ्यांचा घाट घालू नकोस.

गुडघ्याचं तेल बसवाल्याकडे दिलंय.

तुमची,
बाय