नकाशात उन्हाचाही हिशोब मागा

मा. संपादक,

उन्हाळा लागला की भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे गेल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. सोबत सल्ला: ताक प्या, दुपारी बाहेर पडू नका. पण घरच तापत असेल तर माणसानं जायचं कुठे? मी भुसावळात बिल्डरांसाठी नकाशे आणि थ्री-डी मॉडेल तयार करतो, म्हणून हे लिहितोय.

हल्ली चार मजली इमारतीचंही बिम मॉडेल, म्हणजे भिंती-खिडक्यांच्या मापांसकट कॉम्प्युटरवरचं मॉडेल होतं. त्यातून सळई-सिमेंटचा हिशोब निघतो, गिऱ्हाइकाला वॉक-थ्रू दाखवला जातो आणि फाईल बंद होते. वास्तविक कुठली भिंत कोणत्या दिशेला, किती चौरस मीटर, काच केवढी, छज्जा किती बाहेर, हे सगळं त्यात असतंच. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेला नेमके हेच आकडे लागतात. आपल्यासारख्या हवामानात भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता, म्हणजे आरईटीव्ही, चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवी आणि छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज आत येते त्याचा आकडा, १.२ च्या आत. नुसत्या सहा इंची स्लॅबचा यू याच्या अडीच-तीन पट भरतो. वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही पंखा गरम हवा का फेकतो, ते यावरून कळावं. त्याच स्लॅबवर दीड इंच एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन (उष्णता अडवणारा कडक फोम) घातलं की आकडा मर्यादेच्या आत येतो. (आपल्या आज्यांच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांनी हे गणित मातीच्या जाड थरानं सोडवलं होतं.)

एका कामात मालकांना पश्चिमेच्या बेडरूमला जमिनीपासून छतापर्यंत काच हवी होती. मॉडेलमध्ये छज्जा दोन फूट करून पाहिला, आरईटीव्हीचा आकडा फारसा हलला नाही. पश्चिमेचं ऊन तिरपं, ते छज्ज्याखालूनच आत शिरतं. काच निम्मी केली तेव्हा कुठे फरक पडला. "एलिव्हेशन (दर्शनी रूप) बिघडतं" अशी कुरकुर झाली, पण शेवटी ऐकलं.

गोची वेगळीच आहे. बहुतेक जण सॉफ्टवेअरमधली तयार भिंत उचलतात. जाडी बरोबर असते, पण ती विटेची की एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची), हे कुणी भरत नाही. कॉलम-बीमही ब्लॉकच्या भिंतीतच मोजले जातात, आणि उष्णता तर त्या काँक्रीटमधूनच जास्त येते. अशा मॉडेलवरून काढलेला आरईटीव्हीचा कागद दिसायला झकास, कामाला शून्य.

परवानगीसाठी नकाशा ऑनलाइन चढवला की सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) तिथे काटेकोर तपासले जातात. त्यातच महापालिका-नगरपालिकांनी भिंत-छताचा तपशील आणि आरईटीव्हीचं एक पान मागावं. संहिता ५०० चौरस मीटर व त्यावरच्या प्लॉटसाठी आहे, तेवढ्यापासून सुरुवात झाली तरी चालेल. आणि ते पान फ्लॅट घेणाऱ्याच्याही हातात द्यावं, बुकिंगच्या आधी.

आपला,
एक ड्राफ्ट्समन, भुसावळ